वाऱ्याचा सूर आणि विजेचा सूर

हुबळी-धारवाड ह्या जोडशहराची ओळख गाण्यावरून करून द्यावी, अशी महाराष्ट्रात जुनी चाल आहे. मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू यांचे वास्तव्य धारवाडास, गंगूबाई हनगल यांचे हुबळीस. हुबळीजवळच्या कुंदगोळ गावी सवाई गंधर्वांचे घर, आणि थोडे पलीकडे गदग हे भीमसेन जोशी यांचे गाव. अशा गावाच्या संदर्भात चर्चमधील ऑर्गनची कथा सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु त्या ऑर्गनची धाकटी बहीण, म्हणजे बाजाची पेटी, ह्या गावच्या जवळजवळ प्रत्येक बैठकीत हजर असते. आणि त्या मोठ्या वाद्यापुढे आज जो प्रश्न उभा आहे, तोच वेगळ्या वेषात धारवाडच्या गवयापुढेही उभा आहे. वाऱ्याने वाजणाऱ्या नळ्या आणि विजेने वाजणारा अंकीय, म्हणजे डिजिटल, सूर ही दोन्ही एकाच वाद्यात नांदू शकतील काय, हा ऑर्गनपुढील प्रश्न होय. तंबोऱ्याची तार आणि विजेची पेटी एकाच बैठकीत नांदू शकतील काय, हा गवयापुढील प्रश्न होय. तारेला तार जोडणे सोपे असते. सुराला सूर जोडणे मात्र अवघड असते. ते अवघड का, आणि त्यातून कोणता मार्ग निघाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

ऑर्गन हे वाद्य फार जुने. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीतील क्तेसिबियस नावाच्या यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबाने हवा कोंडून ती नळ्यांत सोडण्याची युक्ती काढली. तिचे मर्म आजही बदललेले नाही. भात्याने किंवा पंख्याने हवा एका पेटाऱ्यात भरावयाची, ती ठराविक दाबाने तेथे थोपवून धरावयाची, आणि पट्टी दाबताच त्या पट्टीची झडप उघडून ती हवा नेमक्या नळीत जाऊ द्यावयाची, एवढाच हा व्यवहार. बासरी फुंकणारा माणूस आपला श्वास सांभाळून एक सूर काढतो. ऑर्गनमध्ये शेकडो बासऱ्या उभ्या असतात आणि त्या सर्वांचा श्वास एक यंत्र सांभाळते.

नळ्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला प्रकार बासरीच्या जातीचा. त्यात हवेचा झोत नळीच्या ओठावर आपटतो आणि नळीतील हवेचा स्तंभ कंप पावतो. दुसरा प्रकार सनईच्या जातीचा. त्यात नळीच्या बुडाशी पितळेची जीभ असते. सूर त्या जिभेचा आणि नळी त्याला आकार देते. पहिल्या जातीच्या नळीचा सूर तिच्या लांबीवर ठरतो. नळी दुप्पट लांब केली की सूर एक सप्तक खाली उतरतो. आठ फूट उंचीची उघडी नळी सेकंदाला सुमारे ६५ कंपनांचा सूर देते, सोळा फुटांची सुमारे ३३ कंपनांचा, आणि बत्तीस फुटांची अवघ्या १६ कंपनांचा. हा शेवटचा सूर कानाला ऐकू येण्यापेक्षा पायाखालच्या फरशीला अधिक जाणवतो. नळीचे वरचे तोंड बंद केल्यास निम्म्या लांबीत तोच खर्ज मिळतो. मात्र त्याचा वर्ण मऊ आणि काहीसा पोकळ होतो.

आता हिशेब पाहावा. ऑर्गनच्या एका पट्टीफलकावर बहुधा ६१ पट्ट्या असतात. सुराचा एक वर्ण हवा असेल तर त्यासाठी ६१ नळ्यांची एक रांग लागते. बासरीचा वर्ण हवा, त्याची एक रांग. तुतारीचा हवा, त्याची आणखी एक. वीस रांगांचा ऑर्गन म्हणजे बाराशेहून अधिक नळ्या झाल्या. त्यांतील सर्वांत लहान नळी शिसपेन्सिलीएवढी आणि सर्वांत मोठी दोन मजली घराएवढी असते. ह्या सर्वांस जागा हवी, त्यांचे वजन पेलणारा सज्जा हवा, दर वर्षी सूर लावून देणारा जाणकार हवा आणि इतका खर्च सोसणारी मंडळी हवी. मुंबईचे होली नेम कॅथेड्रल किंवा बंगळूरचे सेंट अँड्र्यूज चर्च यांसारख्या ठिकाणी असे वाद्य बसू शकले. आडगावच्या चर्चला मात्र ते स्वप्नातही परवडणारे नव्हते.

ह्या अडचणीतूनच पेटीचा जन्म झाला. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबँ यांनी हार्मोनियम तयार केला. त्यात नळी मुळीच नाही. हवेच्या झोतात मोकळी हलणारी पितळेची पत्ती, एवढ्यावरच सूर निघतो. बाराशे नळ्यांचे काम खोलीच्या एका कोपऱ्यात मावू लागले. युरोपातील लहान चर्चांनी हे वाद्य उचलले आणि मिशनरी मंडळींबरोबर ते जहाजाने हिंदुस्थानात आले. बासेल मिशनने धारवाडास १८३७ मध्ये आणि हुबळीस १८३९ मध्ये ठाणे घातले होते. धारवाडचे हेबिक स्मारक चर्च त्या मिशनच्या आरंभीच्या सेवकाचे नाव आजही धारण करून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता काढून पाठीमागे हाताचा भाता लावला, आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या वादकास ही पेटी सोईची झाली.

ऑर्गन ह्या भागात आला तो मात्र केवळ चर्चच्या दाराने नव्हे. हुबळी-धारवाड हे मराठी संगीत नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांतले हमखास मुक्काम. त्या रंगभूमीवर बालगंधर्वांच्या पदांना पायपेटीची, म्हणजे पायाने भाता चालविण्याच्या ऑर्गनची, साथ असे. ह्या अमेरिकन धर्तीच्या वाद्यात हवा पत्तीवर दाबली जात नाही, ती आत ओढली जाते. त्यामुळे सूर अधिक गोल आणि मऊ निघतो. स्वतः सवाई गंधर्व मराठी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून गाजले होते. म्हणजे एकाच वाद्याच्या दोन लेकी येथे नांदल्या, एक प्रार्थनेत आणि एक नाट्यगृहात.

विजेचा ऑर्गनमधील प्रवेश तिघा टप्प्यांनी झाला. प्रथम भाता चालविण्याचे काम विजेच्या पंख्याकडे गेले आणि भातेकऱ्याची सुटका झाली. त्याच सुमारास पट्टी आणि झडप यांमधील काठ्या-दोऱ्यांच्या जाळ्याऐवजी विजेची तार आली. वादक एका टोकाला आणि नळ्या दुसऱ्या टोकाला असे बसणे त्यामुळे शक्य झाले. ह्या दोन्ही टप्प्यांत वीज ही निव्वळ हरकाम्या होती. सूर नळीचाच होता. तिसऱ्या टप्प्यात विजेने सुरावरच हक्क सांगितला. १९३५ मध्ये अमेरिकेत हॅमंड यांचा विद्युत् ऑर्गन बाजारात आला. त्यात फिरत्या दातेरी चाकांनी विजेचे कंप निर्माण केले जात आणि ते ध्वनिवर्धकातून ऐकविले जात. १९७१ मध्ये अमेरिकेतीलच अ‍ॅलन ऑर्गन कंपनीने अंकीय ऑर्गन पुढे आणला. विमान आणि अवकाशयान यांच्या उद्योगात घडलेले तंत्र येथे प्रार्थनेच्या सेवेस लागले.

अंकीय सूर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगता येईल. एखाद्या उत्तम जुन्या ऑर्गनची एकेक नळी वाजवून तिचा आवाज ध्वनिमुद्रित करावयाचा. त्या आवाजाची लाट सेकंदाला हजारो वेळा मोजावयाची. गाण्याच्या तबकडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. प्रत्येक मोजमापाचा आकडा यंत्राच्या स्मृतीत ठेवावयाचा. पट्टी दाबली की तेच आकडे क्रमाने विजेच्या दाबात रूपांतरित होऊन ध्वनिवर्धकाकडे जातात आणि नळी नसताना नळीचा आवाज निघतो. कपाटाएवढ्या जागेत एका कॅथेड्रलचा सूर साठवता येतो, हा ह्या शोधाचा पराक्रम निर्विवाद आहे.

मग नळ्या ठेवाव्यातच कशाला? ह्याचे उत्तर कान देतो. साठ नळ्या एकदम वाजतात तेव्हा साठ ठिकाणांहून साठ निरनिराळे हवेचे स्तंभ हलतात. त्यांच्या लाटा भिंतीवर, छतावर, खांबांवर आपटून एकमेकींत मिसळतात ते सभागृहाच्या हवेत. अंकीय ऑर्गनमध्ये हे मिसळणे तारेतच होऊन जाते आणि मोजक्या ध्वनिवर्धकांच्या पडद्यांवर सर्व भार येतो. एकच स्वर वाजत असता फरक सहसा ओळखू येत नाही. सर्व मंडळी उभी राहून गाऊ लागली आणि ऑर्गन भरात आला की तो जाणवतो. शिवाय नळीचा सूर सुरू होताना एक बारीकसा फुत्कार असतो, आणि पुष्कळ पट्ट्या एकदम दाबल्यास हवेचा दाब क्षणभर ढळतो. वाद्य जणू श्वास घेते. मुद्रित सूर हे तंतोतंत पुन्हा सांगतो, आणि प्रत्येक वेळी तेच सांगतो.

ह्या दोन पक्षांच्या वादातून मिश्र ऑर्गन जन्मास आला. त्याची कामाची वाटणी मोठी व्यवहारी आहे. जे सूर कानाला सर्वांत जवळचे, ज्यांवर सभा गाते, त्या मधल्या आणि वरच्या सप्तकांच्या मुख्य रांगा नळ्यांच्या ठेवावयाच्या. ज्या सुरांना सोळा आणि बत्तीस फुटांच्या नळ्या लागतात, ते खर्जाचे सूर अंकीय भागाकडे द्यावयाचे. खर्जातील बारकावा कान कमी टिपतो आणि जागा व पैसा मात्र तेथेच सर्वांत अधिक जातो. त्याचप्रमाणे ज्या तुतारी-सनईच्या रांगा वारंवार सुरात आणाव्या लागतात, त्यांतील काही यंत्राकडे सोपवावयाच्या. वादकापुढे पट्टीफलक एकच असतो. कोणता सूर नळीतून आला आणि कोणता ध्वनिवर्धकातून, ह्याची चिंता त्याने करावयाची नसते. पाच-सहा रांगा खऱ्या नळ्यांच्या आणि उरलेल्या वीस-पंचवीस अंकीय, अशी बांधणी मध्यम ऐपतीच्या चर्चला पेलण्यासारखी असते.

येथपर्यंत सारे सोपे वाटते. अडचण सुरू होते ती उन्हाने.

नळीचा सूर तिच्या लांबीवर ठरतो हे खरे. परंतु तो नळीतील हवेत ध्वनी किती वेगाने धावतो, ह्यावरही ठरतो. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. तपमान एका अंशाने चढले की हा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. नळीचे धातू उष्णतेने किंचित लांबते आणि तेवढ्यापुरता सूर उतरतो, पण तो परिणाम नगण्य. हवेचा परिणामच वरचढ ठरतो आणि नळी चढते. २० अंशांवर ४४० कंपनांस लावलेली नळी ३० अंशांवर सुमारे ४४७ कंपनांचा सूर देते. अंकीय सुराचे घड्याळ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. त्याला उन्हाळा-हिवाळा ठाऊक नाही. तो ४४० वरच उभा राहतो. दोन्ही सूर एकदम वाजले की सेकंदाला सात हेलकावे ऐकू येतात आणि सारे वाद्य बेसूर झाल्याचा भास होतो. वस्तुतः दोन्ही भाग आपापल्या जागी खरे असतात. त्यांचा एकमेकांशी मेळ मात्र सुटलेला असतो.

धारवाडच्या हवेत हा हिशेब कसा दिसेल, हे पाहण्यासारखे आहे. डिसेंबरच्या पहाटे येथे तपमान १५ अंशांच्या आसपास उतरते, आणि एप्रिलच्या दुपारी ते ३५ च्या पलीकडे जाते. ह्या वीस अंशांच्या फरकाने नळी इतकी चढते की, षड्ज आणि कोमल ऋषभ यांमधील अंतराचा निम्म्याहून अधिक भाग ती ओलांडते. नाताळच्या प्रार्थनेला लावलेला ऑर्गन ईस्टरच्या सुमारास वेगळ्याच पट्टीत बोलू लागेल. त्यातही गुंतागुंत अशी की, जिभेच्या नळ्या उष्णतेने फारशा चढत नाहीत, कारण त्यांचा सूर पितळेच्या जिभेवर ठरतो. म्हणजे एकाच वाद्यातील दोन जातींच्या नळ्यांतही तंटा उभा राहतो.

ह्यावर उपाय काय? शेकडो नळ्या रोज नव्याने लावणे अशक्य. तेव्हा ज्याला हलणे सोपे त्याने हलावे, हा न्याय ऑर्गन बांधणाऱ्यांनी पत्करला. नळ्यांच्या पेटाऱ्याजवळ तपमान मोजणारे एक उपकरण ठेवतात. हवा जसजशी तापते वा निवते, तसतसा अंकीय भागाचा सारा सूर हे उपकरण किंचित वर किंवा खाली सरकवते. नळी चढली की अंकीय सूर तिच्यामागून चढतो. संध्याकाळी दारे उघडली, वारा आला, नळी उतरली, की तोही उतरतो. जे यंत्र सर्वांत अचूक, त्यालाच आपली अचूकता सोडून हवेच्या लहरीमागे जाण्यास शिकवावे लागले. मिश्र ऑर्गनचे यश इतर कशाहीपेक्षा ह्या एका शहाणपणावर उभे आहे. ज्या ठिकाणी ही काळजी घेतली गेली नाही, तेथे उत्तम नळ्या आणि उत्तम यंत्र असूनही सभेचे कान दुखावले जातात.

आयुष्याचा प्रश्नही विसरून चालणार नाही. स्वित्झर्लंडमधील सिओं येथे वालेरच्या टेकडीवरील चर्चमध्ये पंधराव्या शतकातील समजला जाणारा ऑर्गन आजही वाजतो. नळीचे चामडे, झडपा, भाते बदलता येतात. ते बदलणाऱ्याला केवळ हात आणि हत्यारे लागतात. अंकीय भागाचे आयुष्य काही दशकांचे असते. त्याचा एखादा सुटा भाग कारखान्याने बनविणे थांबविले की दुरुस्ती अडते. दुसऱ्या बाजूने न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चचे उदाहरण आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील धुळीने तेथील पाइप ऑर्गन निकामी झाला. २००३ मध्ये त्याच्या जागी संपूर्ण अंकीय ऑर्गन बसविण्यात आला, आणि त्याने अडल्या वेळी चर्चची लाज राखली. पुढे त्या चर्चने पुन्हा नळ्यांचा ऑर्गन बसविण्याचे ठरविले. ह्यावरून अंकीय सूर कुचकामाचा ठरतो असे नाही. संकटकाळी कोणते वाद्य उपयोगी आणि पिढ्यान्‌पिढ्यांसाठी कोणते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, एवढेच त्यावरून दिसते.

आता हाच हिशेब धारवाडच्या बैठकीला लावून पाहावा. तेथे नळीच्या जागी तार आहे. गवयाच्या पाठीमागे दोन तंबोरे असतात, आणि ते बहुधा मिरजेचे असतात. हुबळीहून धारवाड, लोंढा, बेळगाव करीत जाणाऱ्या लोहमार्गावर मिरज हे गाव आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तेथे येतात, महिनोन्‌महिने वाळतात, आणि कारागिराच्या हाताखाली त्यांचे तंबोरे होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. ह्या वाद्याचे रहस्य जवारीत आहे. घोडीच्या सपाट पाठीवर तार किंचित घासत कंप पावते आणि तिच्याखाली सुताचा धागा योग्य जागी सरकविला की तारेतून तिचे वरचे सारे उपस्वर फुलून येतात. सुरेल लावलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. तो कोणी छेडलेला नसतो.

ह्या तंबोऱ्याशेजारी विजेची पेटी येऊन बसली. १९७९ मध्ये बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारी श्रुतिपेटी तयार केली, आणि पुढे विजेचा तंबोराही आला. आज हेच काम मोबाइल दूरध्वनीही करतो. एकट्याने रियाझ करणाऱ्या विद्यार्थ्यास, आगगाडीने दौऱ्यावर निघालेल्या गवयास, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या शिकाऊ मुलीस ह्या पेटीने केवढा आधार दिला, हे सांगावयास नको. मोठ्या बैठकींतही दोन तंबोऱ्यांच्या जोडीला ती वाजताना दिसते. म्हणजे चर्चमधील मिश्र ऑर्गनप्रमाणे मिश्र तंबोरा येथे कधीच रूढ झाला आहे.

उष्णतेची अडचण येथेही आहे, मात्र उलट्या दिशेने. नळी तापली की चढते. तार तापली की सैल पडते आणि उतरते. पोलादी जोडीच्या तारा आणि पितळी खर्ज सारख्या प्रमाणात सैल पडत नाहीत, म्हणून तंबोरा स्वतःशीच बेसूर होतो. धारवाडच्या पावसाळ्यात लाकूड आणि भोपळा ओल धरतात, त्याचा परिणाम निराळाच. दिव्यांच्या झोतात बैठक रंगात आली असता गवई मान वळवून तंबोऱ्याकडे पाहतो, ते ह्यामुळेच. विजेची पेटी मात्र लावली तेथेच असते.

मग कोणी कोणामागे जावे? ऑर्गनच्या बाबतीत नळ्या शेकडो, म्हणून यंत्र नळ्यांमागे गेले. तंबोऱ्याला तारा चारच. तेथे तार यंत्राला मिळवून घेणे सोपे, आणि बहुतेक ठिकाणी तसेच होते. त्यात सोय आहे आणि धोकाही आहे. तंबोरा लावणे हा आपल्याकडे गाण्याचा पहिला धडा मानला गेला आहे. खुंटी पिळावी, मणी सरकवावा, जवारीचा धागा बोटाच्या टोकाने हलवावा, आणि गांधार उमलेपर्यंत थांबावे. ह्या थांबण्यात कान तयार होतो. बटण दाबताच तयार सूर ज्याला मिळाला, त्याला सूर मिळतो. कान मिळतोच असे नाही. मिरजेच्या कारागिराचे पोटही ह्याच प्रश्नावर अवलंबून आहे. तंबोरा लावणारे हात उरले तर तंबोरा घडविणारे हात उरतील.

यंत्राच्या सुरापुढे कानाने मान तुकविली तर काय होते, ह्याचा अनुभव पेटीने एकदा दिलेला आहे. पेटीच्या पत्त्या पाश्चात्य धर्तीवर बारा समान भागांत वाटलेल्या असतात. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्यातून उमटणारा शुद्ध गांधार ३०० कंपनांचा. पेटीचा गांधार मात्र ३०२ हून थोडा अधिक. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला दोन हेलकावे पडतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी ह्यावर उपाय म्हणून बावीस श्रुतींचा हार्मोनियम करवून घेतला. श्रुतींची पारख करण्यास गळा होता अब्दुल करीम खाँ यांचा, म्हणजे सवाई गंधर्वांच्या गुरूंचा. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ते वाद्य तज्ज्ञांच्या पसंतीस उतरले नाही. पुढे १९४० मध्ये नभोवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० मध्ये सुरू झाले, ते ह्या बंदीच्या काळातच. पेटी घरोघरी वाजत होती आणि ध्वनिक्षेपकापुढे मात्र तिला मज्जाव होता.

त्या वेळच्या आक्षेपांपैकी एक आता अंकीय तंत्राने दूर होऊ शकतो. पितळेची पत्ती कानशीने घासल्याखेरीज हलत नाही. आकडा मात्र क्षणात बदलता येतो. अंकीय पेटीचा गांधार ३०० वर आणून ठेवणे हे आज काही बटणांचे काम आहे. रागागणिक सूर बदलून घेण्यासही तंत्राची आडकाठी नाही. एका सुरातून दुसऱ्या सुरात घसरत जाणारी मींड मात्र पट्टीच्या वाद्याला अजूनही दुरापास्त आहे, मग ती पट्टी नळीची असो, पत्तीची असो की आकड्याची असो. तेथे गळ्याला पर्याय नाही.

ऑर्गनच्या ह्या कथेतून घेण्यासारखे जे आहे ते असे. चर्चच्या मंडळींनी नवे तंत्र नाकारले नाही आणि जुन्या नळ्याही भंगारात काढल्या नाहीत. दोघांचे स्वभाव ओळखून त्यांनी कामे वाटून दिली आणि यंत्रावर एक अट घातली: सभेच्या हवेप्रमाणे चढणाऱ्या-उतरणाऱ्या सुराला तू अनुसरावेस. धारवाडच्या शिकणाऱ्या मुलालाही हा नियम सहज पाळता येण्याजोगा आहे. विजेच्या पेटीवर सूर बारीक हलविण्याचे बटण असते. आधी तंबोरा हाताने लावावा, त्याचा गांधार कानाने ऐकावा, आणि मग पेटीचा सूर त्याला मिळवून घ्यावा. वेळ थोडा अधिक जाईल. परंतु सुराचा शेवटचा निवाडा कोणी करावयाचा, हे अशाने कानाच्या हाती राहील. आणि पेटी, नळी वा आकडा ह्यांपैकी काहीही शेजारी येऊन बसले तरी गाण्याला त्यापासून भय उरणार नाही.